मिठीचं पाणी समुद्रात कुठवर जातं? समस्थानिकांनी काढलेला माग

चुनाभट्टीकर

परवा पावसाच्या फोटोंच्या धाग्यावर माहीमच्या खाडीतून, म्हणजे मिठी नदीच्या मुखातून, बाहेर पडणाऱ्या चॉकलेटी पट्ट्यावरून जुंपली होती. एक पक्ष म्हणत होता, दोन भरत्या आल्या की सगळं धुऊन निघतं. दुसरा म्हणत होता, कसलं धुऊन निघतंय, महिनाभर ते पाणी जुहू-वर्सोव्यापलीकडे सरकत नाही. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढला. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे आणि थोडं लांबणार आहे.

आधी रंगाचं बोलू. रंग गाळाचा असतो, पाण्याचा नव्हे. नदीच्या पाण्यात खारं मिसळलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाला बसू लागतात. पट्टा दिसेनासा झाला तरी पाणी पुढे गेलेलं असू शकतं. उलटही होतं. उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. एवढी ओढ असली की तळ ढवळायला पाऊस लागत नाही, भर मे महिन्यातही समुद्र चॉकलेटी दिसतो. तेव्हा फोटो बघून निकाल लावू नका.

मग क्षारता मोजायची. हे सोपं आणि स्वस्त. बाहेरच्या समुद्राची क्षारता ३६ धरा (किलोभर पाण्यात ३६ ग्रॅम क्षार), नदीची शून्य. नमुन्यात २७ आली तर चौथा हिस्सा पाणी गोडं आहे, विषय संपला. पण ते गोडं पाणी मिठीचं, उल्हासचं, थेट समुद्रावर पडलेल्या पावसाचं की आपल्याच मोऱ्यांचं, हे क्षारता सांगत नाही. ते काल आलंय की तीन आठवड्यांपूर्वी, हेही सांगत नाही. किती ते कळतं, कुणाचं आणि कधीचं ते कळत नाही. हे दोन प्रश्न समस्थानिकांचे, म्हणजे आयसोटोपचे: एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू.

‘कुणाचं’ हे पाण्याच्या रेणूतच लिहिलेलं असतं. ऑक्सिजनचा नेहमीचा अणू १६ वजनाचा, पण साधारण पाचशेत एक १८ वजनाचा निघतो. हायड्रोजनमध्येही असाच जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. जड रेणूंची वाफ व्हायला वेळ लागतो, आणि ढगातून पाऊस पडताना तेच आधी खाली येतात. त्यामुळे समुद्रावरून उठलेला ढग जसजसा आत सरकतो, डोंगर चढतो, तसतसा उरलेला पाऊस हलका होत जातो. हा फरक प्रमाण समुद्रजलाशी ताडून दर हजारी मोजतात आणि त्याला डेल्टा म्हणतात. समुद्र शून्याच्या आसपास. गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी उणे सहा-आठ किंवा त्याहूनही खाली, कारण हिमालयापर्यंत पोचता पोचता जड रेणू वाटेतच पडून गेलेले असतात. म्हणून बंगालच्या उपसागरात नदीचं पाणी शोधायला ऑक्सिजन-१८ फार कामाचा. अहमदाबादच्या पीआरएलच्या (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) शास्त्रज्ञांनी यावर चांगलं काम केलं आहे.

आणि इथेच मुंबईची पंचाईत आहे. आपला पाऊस अरबी समुद्रावरून उठतो आणि पहिल्याच मुक्कामाला आपल्या डोक्यावर कोसळतो. जड रेणू गळून जायला त्याला प्रवासच घडत नाही. त्यामुळे त्याचा डेल्टा समुद्राच्या मानाने थोडासाच खाली असतो. समजा समुद्र अधिक ०.६ आणि नदी उणे २, म्हणजे दोघांत अंतर २.६. यंत्राची चूक ०.१ धरली तरी गोड्या पाण्याच्या हिश्शात चार टक्क्यांचा घोळ होतो. बंगालच्या उपसागरात हाच घोळ एका टक्क्याच्या आसपास राहतो. भरीस भर म्हणजे मुसळधार पावसाचं पाणी रिमझिम पावसापेक्षा हलकं असतं. नदीचा आकडा आठवड्या-आठवड्याला हलतो आणि ‘नदी म्हणजे उणे २’ असं एकदा ठरवून चालत नाही.

म्हणून मुंबईत एकाच समस्थानिकावर भिस्त ठेवून भागत नाही. ‘कधीचं’ या प्रश्नाचं रेडियम-पुराण प्रतिसादांत लिहिते, आधी मंडळींचा कल बघू.

सहज_वाचक

वाचनखूण साठवली. पण रेडियम हा शब्द वाचून चहाचा घोट अडकला. समुद्रात रेडियम आहे आणि आपण जुहूला पाय भिजवतो?

चुनाभट्टीकर

भिजवा निर्धास्त. एक लिटर समुद्राच्या पाण्यात रेडियम-२२६ ची किरणोत्सारिता एक-दोन मिलिबेकरेल असते (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). त्याच लिटरात मिठाबरोबर आलेल्या पोटॅशियम-४० ची बारा बेकरेलच्या आसपास, म्हणजे काही हजारपट. तो पोटॅशियमही पृथ्वी झाली तेव्हापासूनचा आहे. जुहूच्या पाण्यात काळजी करण्यासारखं बरंच आहे, रेडियम त्या यादीत नाही.

नाखवा_ज्युनियर

लेख आवडला. आमच्याकडे हे आज्याच्या वेळेपासून ठाऊक आहे की पहिल्या मोठ्या पुरात गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खालून येतं. हात बुडवला तर वरचं पाणी वेगळं लागतं. डोळीच्या जाळ्याला काय लागेल हे त्यावर ठरतं, गोडं पाणी फार पसरलं की बोंबील बाहेर सरकतो. उधाणाला सगळं ढवळून एक होतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक लहान असतो तेव्हा, थर टिकतात. तेव्हा तुम्ही नमुना कुठल्या खोलीवरून घेता ते आधी सांगा, नाहीतर चार टक्के काय, चाळीस टक्के चूक होईल.

दुसरा प्रश्न: दिवस कसे मोजता?

चुनाभट्टीकर

नाखवा, खोलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वर, मध्ये आणि तळाशी असे तीन नमुने घ्यावेत आणि भांगाच्या दिवसांत तर घ्यावेतच. वरवर बादली बुडवून काढलेले आकडे मी गंभीरपणे घेत नाही, मग ते कुणाचेही असोत.

आता दिवस.

थोरियम आणि युरेनियम खडकांत असतात, तिथून मातीत येतात. थोरियम मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसतो, पाण्यात उतरत नाही. पण तो फुटत राहतो आणि त्यातून रेडियम तयार होत राहतो. नदीच्या गोड्या पाण्यात हा रेडियमही कणाला धरून असतो. खाडीत खारं पाणी भेटलं की चित्र पालटतं. दादरला गाडीत घुसणाऱ्या गर्दीने दारातल्या माणसाला बाहेर ढकलावं तसे समुद्राच्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम वगैरे कणावरच्या जागा बळकावतात आणि रेडियम पाण्यात फेकला जातो. त्यामुळे पाण्यात सर्वाधिक रेडियम ना नदीत सापडतो ना समुद्रात, तो सापडतो मधल्या मचूळ पाण्यात. घड्याळ सुरू होतं ते तिथून.

रेडियमची चार भावंडं निसर्गात आहेत. निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. २२४ चं अर्धायुष्य ३.६६ दिवस, २२३ चं ११.४ दिवस, २२८ चं पावणेसहा वर्षं आणि २२६ चं १६०० वर्षं. किनाऱ्यापासून लांब जाताना पाणी पातळ होत जातं तेव्हा चारही सारख्याच प्रमाणात पातळ होतात. पण २२४ त्याशिवाय फुटूनही कमी होतो. म्हणून २२४ ला २२८ ने भागायचं. पातळ होणं वर आणि खाली सारखंच असल्यामुळे कटतं, उरतो तो फक्त काळ. समजा खाडीच्या तोंडाशी हे गुणोत्तर २ आहे आणि बाहेर एका जागी ०.५. म्हणजे दोनदा निम्मं झालं, दोन अर्धायुष्यं गेली, ७.३ दिवस. हे पाणी खाडी सोडून आठवडाभर झालाय.

परवाच्या भांडणाचा निकाल असा लावता येतो. दोन भरत्या की महिना, हे आकड्यात सांगता येतं. महिना झाला असेल तर मात्र २२४ जवळजवळ संपलेला असतो, तिथे २२३ हाताशी धरावा लागतो.

शंकासुर

छान आहे काका, पण उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, भरती-ओहोटीची संगणकी प्रारूपंही आहेत. त्यासाठी अणू मोजत बसायची हौस कशाला?

चुनाभट्टीकर

काका नाही, काकू.

उपग्रहाला पावसाळ्यात ढग दिसतात. ढग हटले तर गाळ दिसतो, आणि गाळाचं वर लिहिलंच आहे. प्रारूपांशी माझं वैर नाही, पण प्रारूप पाणी कसं *वाहायला हवं* ते सांगतं. त्यात तळाचं घर्षण, मिसळण्याचा वेग असे अनेक आकडे कुणीतरी अंदाजाने भरलेले असतात. ते बरोबर भरले की नाही हे तपासायला पाण्याचं स्वतःचं वय लागतं. बांद्रा आणि वरळीला आपलं सांडपाणी नळातून तीन-चार किलोमीटर आत समुद्रात सोडतात. ‘ते परत किनाऱ्याला येत नाही’ हे वाक्य कुणी नुसत्या प्रारूपावर म्हणू लागलं तर मी नमुना मागेन.

काळाकातळ

भूशास्त्राचा विद्यार्थी. स्ट्रॉन्शियमचं नाव अजून कसं आलं नाही? आपल्या सगळ्या नद्या दख्खनच्या बेसाल्टवरून येतात. बेसाल्टमधलं स्ट्रॉन्शियम-८७ ला ८६ चं गुणोत्तर कमी असतं, समुद्राचं ०.७०९२ च्या आसपास ठरलेलं आहे. गंगेचं तर याहून कितीतरी वर. म्हणजे दख्खनचं पाणी समुद्राला खाली ओढेल, हिमालयाचं वर. याहून स्वच्छ खूण कुठली?

चुनाभट्टीकर

खूण स्वच्छ आहे, पण आवाज फार बारीक. गणित करून बघू. समुद्रात स्ट्रॉन्शियम लिटरला ८ मिलिग्रॅम. नदीत समजा ०.१ आणि तिचं गुणोत्तर समजा ०.७०७. चौथा हिस्सा नदी, तीन हिस्से समुद्र मिसळले. नदीकडून आलं ०.०२५ मिलिग्रॅम, समुद्राकडून ६. म्हणजे एकूण स्ट्रॉन्शियममध्ये नदीचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. गुणोत्तर हललं ०.००००१ च्या आसपास, जे चांगल्या यंत्राच्याही मर्यादेवर आहे.

आता उलटं टोक घ्या. ९५ टक्के नदी, ५ टक्के समुद्र. नदीकडून ०.०९५, समुद्राकडून ०.४. नदीचा वाटा एकोणीस टक्के, गुणोत्तर ०.७०८८ पर्यंत उतरलं. हे आरामात मोजता येतं. म्हणून स्ट्रॉन्शियम खाडीच्या वरच्या टोकाला, खारं पाणी जेमतेम पोचतं तिथे चालतं. वर्सोव्यासमोर उभं राहून स्ट्रॉन्शियम मोजणं म्हणजे पैसे पाण्यात. शब्दशः.

गाळ कुठून आला हे विचारायचं असेल तर मात्र तुमचं भूशास्त्र राजा आहे. त्याला निओडिमियमची समस्थानिकं घ्या. दख्खनचा गाळ आणि हिमालयाकडून सिंधूने आणलेला गाळ त्यात चटकन वेगळे पडतात.

काळाकातळ

पटलं. मग रेडियमलाही बेसाल्ट नडेल ना? युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्टमध्ये कमीच असतात. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, थोरियमने भरलेली, तिथे हे सोपं जाईल.

चुनाभट्टीकर

बरोबर पकडलंत. मूळ खडकात कमी, म्हणजे पाण्यातही कमी मिळण्याची तयारी ठेवायची आणि जास्त पाणी गाळायचं. पण अडचण तेवढ्यावर थांबत नाही, दुसरी त्याहून मोठी आहे. ठाणे खाडीचा चिखल.

मघाचं वयाचं गणित एका अटीवर चालतं: खाडी सोडल्यानंतर पाण्यात नवा रेडियम पडता कामा नये. ठाणे खाडीत, जिथे फ्लेमिंगो उभे असतात त्या चिखलात, थोरियम बसलेला आहे आणि त्यातून रेडियम-२२४ काही दिवसांत पुन्हा पुन्हा भरून येतो. दर ओहोटीला चिखलातलं पाणी झिरपून खाडीत उतरतं आणि रेडियम घेऊन येतं. म्हणजे घड्याळाचा काटा रोज कुणीतरी मागे फिरवतंय. खाडीच्या आत हे गुणोत्तर वापरून ‘वय तीन दिवस’ वगैरे लिहिलेलं दिसलं तर सावध राहा. आत हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो: चिखलातून किती येतोय, फुटून किती जातोय, आणि उरलेली तूट भरतीच्या पाण्याने किती वाहून नेली. त्यावरून पाण्याचा खाडीतला सरासरी मुक्काम निघतो. खुल्या समुद्रात, चिखल आणि तळ दूर राहिल्यावर, साधं वयाचं गणित बऱ्यापैकी चालतं.

खाऱ्या दलदलीसाठी असा हिशेब मांडणारा गाजलेला शोधनिबंध १९९६ चा आहे, रामा आणि विलार्ड मूर यांचा. हे रामा आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च). मूर अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात, किनाऱ्यावरच्या रेडियममधलं सर्वांत मोठं नाव. १९६९ मध्ये समुद्रातल्या थोरियम-युरेनियमवर टीआयएफआरच्या मंडळींचा जो शोधनिबंध आला, त्यात देवेंद्र लाल, कृष्णस्वामी, रामा यांच्याबरोबर मूर यांचंही नाव आहे. पुढे हा गट अहमदाबादला पीआरएलमध्ये गेला आणि लाल तिथे संचालक झाले. या विषयाच्या मुळांपैकी एक मूळ नेव्हीनगरच्या टोकाला आहे, हे मुंबईकरांना सहसा माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

बदलापूरवाली

मी उल्हासच्या काठी राहते. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत असतात आणि उल्हासला मात्र पाणी असतं, कारण भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून पाणी सुटतं. ते पाणी वर मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं. म्हणजे मुळात ते घाटापलीकडचं, भीमेकडे जाणारं. तुमच्या हिशेबात हे नदीचं पाणी की आणखी काही?

चुनाभट्टीकर

ताई, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

ते पाणी इंद्रायणी-भीमा-कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जायचं. बोगद्यातून घाट उतरून वीज करून उल्हासमध्ये येतं आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. खोपोलीचं पाणी असंच पाताळगंगेला, भिऱ्याचं कुंडलिकेला. मे महिन्यात या नद्यांच्या मुखाशी येणारं गोडं पाणी पाहिलं तर त्यात बरंचसं मागच्या पावसाळ्याचं, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडच्या तलावात महिनोन् महिने उन्हात पडलेलं असतं.

आणि उन्हात पडलेलं पाणी ओळखता येतं! पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन आणि ड्यूटेरियम यांचं एक ठरलेलं नातं असतं. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये ते मांडलं: ड्यूटेरियमचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट अधिक दहा. तलावातून बाष्पीभवन झालं की पाणी या रेषेवरून एका बाजूला घसरतं. ड्यूटेरियमच्या आकड्यातून ऑक्सिजनची आठपट वजा केली तर ताज्या पावसात दहाच्या आसपास उरतात, तलावाच्या पाण्यात त्याहून कमी. हा घसरलेला आकडा म्हणजे तलावाची सही.

आता हाच धागा मुंबईत ओढा. आपल्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं पाणी येतं. महापालिका दिवसाला चार हजार दशलक्ष लिटरच्या जवळपास पाणी पुरवते, त्यात मोठा वाटा भातसाचा. ते आपण वापरतो आणि त्याचं सांडपाणी होऊन खाडीत नाहीतर समुद्रात जातं. एप्रिल-मे महिन्यात मिठी जिथून निघते तो विहार तलाव ओसंडत नाही, पाऊस नाही, तरी मिठी वाहते. ते मिठीचं पाणी नसतंच. ती भातसा आहे, कुर्ल्यातून वाहणारी.

म्हणजे आपल्याकडे दोन नव्हे, तीन पाणी आहेत: समुद्र, ताजा पाऊस आणि तलावाचं-मोरीचं. तीन अज्ञातांना तीन समीकरणं लागतात. क्षारता एक, समस्थानिकांचं एक, आणि तिन्ही हिश्शांची बेरीज १ हे तिसरं. ऑक्सिजन आणि ड्यूटेरियम दोन्ही मोजले तर पडताळ्यालाही एक उरतं. अंतरं लहान असल्यामुळे चूक मोठी राहील, पण उन्हाळ्यात पाऊस शून्य धरता येतो आणि गणित सुटसुटीत होतं. सांडपाण्याची आणखी खात्री हवी तर नायट्रेटमधला नायट्रोजन-१५ मोजावा, मैल्याच्या पाण्यात तो चढा असतो.

शंकासुर

काकू, माघार. ‘भातसा कुर्ल्यातून वाहते’ हे उद्या ऑफिसात माझं म्हणून खपवणार.

वसईकर_मामी

आमच्या वाडीतली विहीर पूर्वी गोड होती, आता फेब्रुवारीपासूनच मचूळ होते. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत येतं म्हणतात. मग जमिनीखालून गोडं पाणी समुद्रात जातही असेल ना? ते कुठल्या खात्यात?

चुनाभट्टीकर

मामी, जातं. भल्याभल्यांनी ते हिशेबात धरलेलं नव्हतं. वरच्याच मूर यांनी १९९६ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर रेडियम-२२६ मोजला, तर तो नद्यांनी आणलेल्या रेडियमपेक्षा फार जास्त निघाला. जास्तीचा आला कुठून? जमिनीखालून. त्यांच्या हिशेबात तिथे भूजलाचा ओघ नद्यांच्या ओघाच्या जवळजवळ ४० टक्के भरला. त्यानंतर जगभर लोक हे मोजू लागले. मात्र यातलं सगळं भूजल गोडं नसतं. भरतीला वाळूत शिरलेलं आणि ओहोटीला परत आलेलं खारं पाणीही त्यात येतं. तेही कणांवरचा रेडियम धुऊन आणतं.

भूजलाची सगळ्यात ठसठशीत खूण म्हणजे रेडॉन-२२२. वायू आहे, अर्धायुष्य ३.८ दिवस. जमिनीखालच्या पाण्यात तो भरपूर असतो, उघड्या पाण्यातून हवेत उडून जातो. किनाऱ्याच्या पाण्यात रेडॉन अचानक चढला की समजायचं खालून झरा आहे. तुमच्या पट्ट्यात वाळू आणि विहिरी दोन्ही आहेत, तिथे हे मोजण्यासारखं आहे. भाईंदरच्या बाजूच्या मिठागरांपासून मात्र लांब राहायचं. तिथलं पाणी बाष्पीभवनाने इतकं जड झालेलं असतं की ते खाडीत सुटलं की आपलं तीन पाण्यांचं गणित चौथ्या पाण्यावर घसरतं.

सहज_वाचक

हे सगळं मोजतात कसं? एखाद्या कॉलेजच्या प्रकल्पात जमण्यासारखं आहे का? पुतणी बीएस्सीला आहे.

चुनाभट्टीकर

अर्धं जमेल.

ऑक्सिजन-ड्यूटेरियमला २०-३० मिलिलिटरची बाटली पुरते. अट एकच, बाटली गळ्यापर्यंत भरायची, आत बुडबुडा नको आणि झाकण घट्ट. सैल झाकणाची बाटली कपाटात महिनाभर राहिली तर आतल्या पाण्याचं हळूहळू बाष्पीभवन होतं आणि पुतणी विहार तलाव शोधून काढेल, जो मुळात नमुन्यात नव्हताच. क्षारता जागेवर मोजायची. नमुने मोजून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण पाणी खारं आहे हे आधी सांगायचं. लेझरवर चालणाऱ्या काही यंत्रांत मीठ साठतं आणि मग ते लोक पुन्हा दारात उभं करत नाहीत.

रेडियम कॉलेजला झेपणार नाही. त्याला एका नमुन्याला शंभर-दोनशे लिटर पाणी लागतं. ॲक्रिलिकचे तंतू गरम पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवून ठेवले की त्यावर मँगनीज डायऑक्साइडचा थर चढतो, जांभळट द्रावणातून काळेकुट्ट तंतू बाहेर येतात. त्यांच्या बोळ्यातून पाणी सावकाश, मिनिटाला लिटरभरापेक्षा हळू सोडायचं. मँगनीज रेडियम धरून ठेवतं. आपल्या खाडीत आधी गाळणी लावावी लागते आणि ती इतक्या वेळा तुंबते की निम्मा दिवस गाळण्या बदलण्यात जातो. पंप चालू, गाळणी चिखलाने फुगलेली, वर पाऊस आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही. शोधनिबंधात हे एका ओळीत येतं.

मग ते तंतू धुऊन, थोडे ओलसर ठेवून, हेलियमच्या फिरत्या प्रवाहात बसवतात. रेडियम फुटून रेडॉन वायू होतो, हेलियम तो मोजणीच्या कुपीत नेतो. २२४ च्या घराण्यातला रेडॉन फुटल्यावर त्याचा पोलोनियम ०.१५ सेकंद अर्धायुष्याने फुटतो, २२३ च्या घराण्यातला दोन मिलिसेकंदांच्याही आत. प्रत्येक फुटण्याची कुपीत एक लुकलुक होते, अशा दोन लुकलुकींमधलं अंतर पाहून यंत्र ओळखतं की हा कुणाचा वारस. फार देखणी युक्ती आहे, मी तासन् तास ते आकडे पडताना बघत बसले आहे. २२४ दर ३.६६ दिवसांनी निम्मा होत असल्याने नमुना आणला की दोन-तीन दिवसांत मोजायलाच हवा. आज नमुना आणि पुढच्या आठवड्यात बघू, असं चालत नाही.

नाखवा_ज्युनियर

आणि नमुना आणणार कोण? गोडं पाणी सगळ्यात जास्त असतं तेव्हाच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या ओढून वर घेतलेल्या. नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्र तसाही कुणाला जवळ येऊ देत नाही.

चुनाभट्टीकर

खरं आहे. जूनच्या पहिल्या पुराचे नमुने बाहेरच्या समुद्रातून मिळणं जवळजवळ अशक्य. खाडीच्या आत जेट्टीवरून किंवा पुलावरून घेता येतात, ठाणे खाडी त्याला बरी. बाहेरचं काम ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात, पाऊस असतो आणि होडी जाते. क्षारतेचं चित्र तेव्हाही चांगलं मिळतं, फक्त पहिल्या पुराचा धक्का हुकतो. थर बघायचे तर भांग, मिसळणं बघायचं तर उधाण.

नाखवा_ज्युनियर

मग अष्टमीच्या पुढेमागे या, ऑगस्ट संपताना. वर्सोव्याहून निघू. डिझेल तुमचं, होडी आमची. पंप कितीचा आहे ते आधी कळवा, आमची बॅटरी त्याला पुरेल की जनरेटर घ्यावा लागेल ते बघतो. आणि गाळण्या जास्तीच्या आणा. ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडाशी पाण्यात जवळा एवढा असतो की चिखलाच्या आधी तोच अडकेल.

चुनाभट्टीकर

बारा व्होल्टचा पंप आहे, बॅटरी चालेल. जवळ्यासाठी बाहेरून आणखी एक मोठ्या छिद्रांची जाळी बांधून आणते. पुतणीलाही पाठवा, बाटल्या भरायला हात लागतील.

सहज_वाचक

तिला बोट लागते. पण विचारतो.